चीक कुणी कुणी खाल्ला?

उंबरटेक,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. कुंडलिकमामा,

नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते. फोन करणार होते, पण इथं पारावर उभं राहिलं तरच रेंज येते, आणि आज मी पारावर गेले तर शंभर माणसं मागे येतील. म्हणून लशीचा डबा परत न्यायला आलेल्या रोहिदासच्या हाती हे पत्र देतेय.

आमच्या गावातल्या चिमाजी शेंडकरांची म्हैस रविवारी मेली. आदल्या दिवशी गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते. तोंडातून फेस गळत होता, पाणी गिळता येत नव्हतं, दावं तोडून भिंतीला धडका देत होती. डॉक्टर म्हणाले, पिसाळलीय, महिन्या-दोन महिन्यांखाली कुत्रं चावलं असणार. पण ही म्हैस एकतीस ऑगस्टला व्यालेली. चिमाजींच्या फुलाबाईंनी तिच्या पहिल्या चिकाचा खरवस केला आणि गौरी जेवायच्या दिवशी घरोघर वाटला. त्रेचाळीस घरं. आता ती त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर बसलीत.

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, यादी करा. म्हणून मी कालपासून वही घेऊन एकच विचारतेय, चीक कुणी कुणी खाल्ला? एक आजी म्हणते, "म्या दोन वड्या खाल्ल्या, मला दोन सुया पायजेत." एकानं पुण्याला डबा पाठवलेल्या लेकीचं नाव लावून घेतलं. फुलाबाई बिचाऱ्या घराबाहेर पडत नाहीत. एवढ्या हौसेनं वेलदोडा घालून केलेला खरवस, आणि लोक म्हणतात, इख वाटलं.

आतापर्यंत एकशे सत्त्याऐंशी नावं झालीत. अख्ख्या गावात वरच्या वाडीचा बाजी ढेबे तेवढा सुटला. धनगर माणूस, जन्म म्हशींत गेला, पण चिकाला कधी तोंड लावलं नाही. "चीक रेडकाचा, मानसाचा न्हवं," म्हणतो. चाळीस वर्षं गावानं त्याची यावरून टिंगल केली, आणि आज सगळे म्हणतात, बाजीबाबाच शहाणा.

मामा, औषध भांडाराची किल्ली तुमच्या कमरेला असते. एकशे सत्त्याऐंशी जणांची लस पाठवा. कागदपत्रं मागाहून करू.

तुमची,
मोहिनी

*

नसरापूर,
१२ सप्टेंबर

चि. मोहिनीस आशीर्वाद.

भांडण पोचलं. आईवर गेलीस. माझी बहीणसुद्धा आधी ओरडायची आणि मग विचारायची.

आता नीट वाच. खरवस वाफेवर शिजतो. हा विषाणू इतका नाजूक आहे की तेवढ्या वाफेत तो टिकतच नाही. उकळलेलं दूध पिऊन किंवा खरवस खाऊन कुणाला हा रोग झाल्याचं माझ्या पस्तीस वर्षांत मी ऐकलेलं नाही. लस वेळेवर मिळाली नाही म्हणून गेलेली माणसं मात्र पाहिलीत. दोन. ती कशी गेली ते तुला लिहीत नाही.

कपाटात साठ कुप्या आहेत. एका कुपीत चार जणांचं भागतं, पण प्रत्येकाला चार वेळा टोचावं लागतं. तुझ्या खरवसात माझं सगळं कपाट बुडेल, आणि मग ज्याला खरोखर कुत्रं चावलंय त्याला मी काय देऊ? रोज चार-पाच जण येतात.

तेव्हा यादी फाड. तुझा प्रश्नच चुकलाय. हा रोग लाळेतून येतो. चीक कुणी खाल्ला हे विचारू नकोस, म्हशीच्या तोंडाशी कोण गेलं होतं ते विचार. औषध कुणी पाजलं, फेस कुणी पुसला, कुणाच्या हाताला जखम होती. पाच-सात नावं निघतील. त्यांना उद्याच्या उद्या माझ्याकडे पाठव. बाकीच्यांना सांग, खरवस चांगला झाला होता, पचला, आता घरी जा.

कुंडलिकमामा

*

उंबरटेक,
१५ सप्टेंबर

ती. मामा,

यादी फाड म्हणता? इथं येऊन फाडा. माझ्या अंगावर एवढी माणसं धावून येतील की फाटलेला कागद उचलायलाही तुम्ही उरणार नाही.

तुमचा प्रश्न विचारला. पाच जण निघाले. चिमाजी, फुलाबाई, त्यांचा धनाजी, धनाजीची बायको, आणि ज्यानं खड्ड्यात म्हैस ओढायला हात लावला तो एक शेजारी. पाचही जण शनिवारी तुमच्याकडे येऊन टोचून गेले. चिमाजींना मी दोनदा विचारलं, आणखी कुणी तिच्या तोंडाला हात लावला का? म्हणाले, "कुनी न्हाई, ताई." झालं तुमचं समाधान?

पण बाकीच्यांचं काय करू? वाफ, विषाणू सगळं सांगितलं. कुंडलिक मास्तर, म्हणजे तुमचेच नामबंधू, एवढे शिकलेले, तेही म्हणाले, "पण हंड्रेड परसेंट सांगता येतं का?" आणि एक जण काय म्हणाला ते ऐका. "करोनात तुमीच दारात येऊन ओरडत हुता, सुई घ्या, सुई घ्या. तवा आमी पळत हुतो. आता आमी मागतोय तर तुमी पळताय." मामा, याला काय उत्तर द्यायचं?

आणि काल पुढारी आले. पारावर सभा झाली. माझ्या गावचा एकही माणूस लशीवाचून राहणार नाही, असं माइकवर सांगून गेले. गुरुवारी शिबिर आहे म्हणे. मी कोपऱ्यात उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. निदान पायरी तरी मोकळी होईल.

मोहिनी

*

नसरापूर,
२० सप्टेंबर

चि. मोहिनी,

शिबिर झालं. तू टेबलाशी होतीस, मी डबा घेऊन आलो होतो, तरी आपण एकमेकांशी बोललो नाही. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं.

बुधवारी वरून फोन आला. लेखी काही नाही, फोनच. "सगळा साठा उंबरटेकला न्या, नवा दोन दिवसांत येतो." मी म्हणालो, साहेब, खरवसाला लस लागत नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे हो. पण लोकांना माहीत नाही ना." आणि फोन ठेवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. सगळ्यांना एकेक टोचणी झाली, आणि पुढच्या तीन कुठून आणायच्या हे कुणी विचारलं नाही. म्हणजे असती गरज, तरी अर्धवट लशीचा उपयोग काय होता?

नवा साठा आलेला नाही. काल पालीहून शिवानी नावाची सात वर्षांची मुलगी आणली होती. गालाला कुत्रं चावलेलं. मी तिच्या बापाला कपाट उघडून दाखवलं, कारण नुसतं नाही म्हणायची मला लाज वाटली. तो रिकाम्या कप्प्यांकडे बघत राहिला. मग पोरीला उचलून पुण्याची एसटी पकडायला पळाला. आज त्याचा फोन आला, तिथं लस मिळाली. माझ्या घशाखाली आत्ता कुठे घास उतरला.

मी नाही म्हणू शकलो असतो. लेखी आदेश द्या, मगच देतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नोकरीची तीन वर्षं राहिलीत, म्हणून म्हटलं नाही. तुला शहाणपण शिकवणारा मामा हा असा आहे, हे तुला माहीत असावं.

कुंडलिकमामा

*

उंबरटेक,
बुधवार, १ ऑक्टोबर, दुपारी दोन

मामा,

हे पत्र घेऊन येणारी बाई आक्काबाई ढेबे. टेम्पोत तिचा नवरा आहे, बाजी. फोनवर सांगितलं तसे तुम्ही नसरापूरच्या चौकात थांबला असालच, तिथून त्यांच्याबरोबर पुण्याला जा. पारावर चढून तुम्हाला फोन केला, तेव्हा अर्धंच बोलणं झालं, म्हणून लिहितेय.

आज बालकांच्या लसीकरणाला वरच्या वाडीला गेले होते. बाजीबाबा अंगणात घोंगडी पांघरून बसले होते. दोन दिवस ताप. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणाले. आक्काबाईंनी तांब्या पुढे केला तर त्यांचा घसा असा आवळला की हाताच्या झटक्यानं तांब्या दूर उडाला. मी बघितलं आणि मला कळलं.

लसीकरण तसंच टाकून खाली आले आणि चिमाजींना धरलं. आता रडतात. पाच सप्टेंबरला म्हशीला घोट गिळवेना, तेव्हा त्यांना वाटलं घशात काकडी अडकलीय. गुरांच्या डॉक्टरांना बोलवायच्या आधी त्यांनी बाजीबाबांना बोलावलं. बाबांनी तिच्या घशात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काकडी नव्हतीच. दातांवर बोटांची सालटी गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तोंडात हात कुणी घातला का? डॉक्टरांना न बोलावता गावठी उपाय केला म्हणून ते ओरडतील, या भीतीनं चिमाजी नाही म्हणाले. आणि एकदा नाही म्हटल्यावर मलाही नाहीच म्हणाले.

बाबांचं नाव यादीत नव्हतं. त्यांनी चीक खाल्ला नव्हता.

मी सोबत आले असते, पण इथं एक बाई अडलीय, सोडून येता येत नाही. त्यांना वारा लागू देऊ नका, या रोगात वाऱ्याच्या झुळकेनंही घसा आवळतो.

मोहिनी

*

नसरापूर,
७ ऑक्टोबर

चि. मोहिनी,

बाजी ढेबे रविवारी पहाटे गेला. तुला कळलंच असेल.

चौकात टेम्पो थांबला तेव्हा त्याच्यावर ताडपत्री ओढलेली होती. मी इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माणूस, तरी सवयीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली. त्याचं सगळं अंग ताठ झालं. जरा वेळानं तोच मला म्हणाला, "माफी करा सायेब. तहान लई हाय, पन जमंना." माफी त्यानं मागितली, माझ्याकडे.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त त्रास कमी करता येईल. तेवढा त्यांनी केला. आक्काबाई चार दिवस दाराबाहेर बसून होती. तिला आत सोडत नव्हते, काचेतून दाखवत होते. मी डबा नेला तर म्हणाली, "त्यांला पानी उतरंना, मी कसं खाऊ?" मला भयंकर राग येत होता, मोहिनी, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. चिमाजीवर, वरच्या साहेबांवर, स्वतःवर.

आता एक विचारतो. कागद भरणाऱ्यानं तिला विचारलं, लस घेतली होती का? ती म्हणाली, "व्हय, घेतली. गनपती गेल्यावर पयल्याच बेस्तरवारी मी त्यांला दवाखान्यात धाडलं हुतं. झालं म्हनले." त्यानं लिहून घेतलं, लस घेतलेली.

मी शिबिराची यादी दोनदा चाळली, त्यात बाजी नाही. आणि गणपती गेल्यानंतरचा पहिला गुरुवार म्हणजे अकरा सप्टेंबर. त्या दिवशी तुझ्याकडे एकही कुपी नव्हती. मग त्यानं कुठली सुई घेतली? तो तुझ्याकडे आला होता का?

खरं लिही. मी तुझा साहेब नाही, मामा आहे.

कुंडलिक

*

उंबरटेक,
११ ऑक्टोबर

ती. मामा,

आले होते.

अकरा तारखेला सकाळी दारात सत्तर-ऐंशी माणसं होती. बाबा मागे उभे राहिले, मग हळूच पुढे आले आणि म्हणाले, "ताई, माजं बी नाव घ्या." मी मान वर न करता विचारलं, "बाबा, चीक खाल्ला का?" ते म्हणाले, "जल्मात न्हाई." सगळे हसले. कुणी तरी म्हणालं, "बाजीबा, चीक नको आन् सुई पायजे व्हय?" मीही हसले. ते म्हणाले, "न्हाई ताई, पन ह्यो हात..." मी म्हटलं, "बाबा, रांग मोठी आहे, बाजूला व्हा बघू." तेही हसले आणि बाजूला झाले. मी पुढचं नाव लिहिलं.

एवढंच झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पण यापुढचं जास्त वाईट आहे. तुमचं पत्र आलं, हाताला जखम कुणाच्या होती ते विचार म्हणून. ते वाचताना मला 'ह्यो हात' आठवला. खरोखर आठवला, मामा. वाटलं, वर जाऊन विचारावं. दोन तासांची चढण, पायवाटेला निसरडं, आणि दारात माणसं. तुमच्यावरही चिडले होते, मला शिकवता म्हणून. म्हटलं, बुधवारी जाऊ. बुधवारी शिबिराची तयारी निघाली. मग विसरले. विसरले असं म्हणते, पण मनात कुठे तरी टोचत होतं आणि मी त्याच्यावर बसून राहिले होते.

आणि कुणीही अडलेलं नव्हतं. पहिल्या तारखेला इथं कुणाचं बाळंतपण नव्हतं. आक्काबाईंच्या शेजारी चार तास टेम्पोत बसायची माझी छाती झाली नाही. त्यांना वाचता येत नाही. माझी चिठ्ठी पदरात घट्ट बांधून घेतली त्यांनी, देवाचा अंगारा बांधावा तशी. मला तेव्हाच मरावंसं वाटलं.

बाबा घरी जाऊन 'झालं' का म्हणाले ते मला कळतं. आक्काबाईंनी त्यांना मागे लागून पाठवलं होतं. गावानं हसून परत लावलं हे बायकोला कसं सांगणार?

आता दोन गोष्टी झाल्यात. डॉक्टरसाहेबांनी मृत्यूच्या अहवालात लिहिलंय, 'रुग्णाने संपर्काची माहिती दिली नाही.' मला म्हणाले, सही करा, तुम्ही सुरक्षित आहात. आणि गाव दिवाळी पाडव्याला माझा सत्कार करणार आहे. लोकांचा हिशेब सरळ आहे. यादीतल्या सगळ्यांना सुई मिळाली, ते वाचले. बाजीचं नाव नव्हतं, तो गेला. म्हणजे खरवसात विषच होतं आणि ताईंनी गाव वाचवलं. मी समजावून थकले की बाबांनी खरवस खाल्लाच नव्हता. ऐकतं कोण?

वरच्या वाडीचा हिशेब उलटा आहे. आक्काबाई सांगतात, सुई घेऊनसुद्धा धनी गेले. म्हणून वाडीनं ठरवलंय, आता पोरांना सुया नकोत. अकरा पोरं आहेत तिथं, पाच वर्षांच्या आतली. गोवराची राहिलीय, घटसर्पाची राहिलीय. परवा मी गेले तर दारं लावून घेतली. पलीकडच्या खोऱ्यात गोवर निघालाय असं ऐकते.

मी गप्प बसले तर ती पोरं लशीवाचून राहतात. बोलले तर माझं काय होईल ते मला माहीत नाही. तुम्हीच सांगा.

मोहिनी

*

नसरापूर,
१५ ऑक्टोबर

चि. मोहिनी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर संतापलेलो होतो. मामीनं विचारलं तरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, संतापायला मी कोण? तू हसलीस, मी कपाट उघडून दिलं. तुला निदान दारात गर्दी होती. माझ्या दारात नुसता फोन वाजत होता.

गप्प बस, असं माझ्यातला सरकारी नोकर म्हणतो. सही कर, सत्काराची शाल घे, दोन वर्षांत बदली होईल आणि सगळे विसरतील. हा सल्ला पक्का आहे, मी जन्मभर तोच पाळला. म्हणूनच तो तुला देववत नाही.

काल मी माझ्यापुरतं लिहून दिलं. तोंडी आदेशावर, गरज नसताना, मी सगळा साठा दिला आणि तालुका आठ दिवस लशीवाचून राहिला, एवढंच. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कुंडलिकराव, निवृत्तीला आलात, आता हे कशाला?" कागद मी परत घेतला नाही.

आक्काबाईला सांगायचं की नाही ते मी ठरवणार नाही. फक्त हे लक्षात ठेव, आपलं मन हलकं व्हावं म्हणून वर जाऊ नकोस. तिच्यावर ओझं टाकून आपण मोकळं व्हायचं, हा शुद्ध चोरपणा आहे. अकरा पोरांसाठी जाणार असशील तर जा. मी सोबत येतो, कळव.

मामा

*

उंबरटेक,
३० ऑक्टोबर

ती. मामा,

तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही आला असता तर मी तुमच्या मागे उभी राहिले असते, म्हणून एकटीच गेले.

आधी सत्काराचं सांगते. नको म्हटलं, घरी थांबले, तर ढोल घेऊन उपकेंद्रावर आले आणि हाताला धरून पारावर नेलं. शाल घातली. मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं, अकरा तारखेपासून. माझ्या हसण्यासकट. सगळे शांत झाले. मला वाटलं, पोचलं. मग मागून एक जण म्हणाला, "ताई, त्येच्या नशिबात न्हवतं, तुमी कशापायी मनाला लावून घेता?" आणि टाळ्या वाजल्या. चिमाजी मान खाली घालून बसले होते, ते तेवढे वाजवत नव्हते. मामा, एवढ्या टाळ्यांत मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. बाबांना हसणारेही तेच होते आणि मला माफ करणारेही तेच. दोन्हीला त्यांना सारखाच वेळ लागला.

डॉक्टरसाहेबांच्या अहवालावर सही केली नाही. माझं वेगळं लिहून दिलं. चौकशीची नोटीस आलीय. असू दे.

सोमवारी वर गेले. आक्काबाई शेण काढत होत्या. मला बघून त्यांनी पाट काढला, मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. बाबांनी सुई घेतली नव्हती, आई. ते आले होते, हात दाखवत होते, मी हसले आणि त्यांना बाजूला केलं. त्यांना सुई मिळाली असती तर ते वाचले असते. सुई खोटी नव्हती, मी खोटी होते.

त्यांनी पाटी तिथंच ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी मला खोटं सांगितलं त्यांनी?" एवढंच त्यांना लागलं होतं, आधी. चाळीस वर्षांत नवरा एकदाही खोटं बोलला नव्हता. "मी इचारलं हुतं, कुठं टोचली? तर म्हनले, दंडात. दुखती का? म्हनले, जराशीक. मी रातच्याला त्यांच्या दंडाला त्याल चोळलं." आणि मग त्या रडल्या. मी रडले नाही. तुमचं वाक्य डोक्यात होतं, मला तिथं रडायचा हक्क नव्हता.

बऱ्याच वेळानं मी पोरांचं काढलं. अकरा पोरं आहेत, गोवर जवळ आलाय, तुम्ही नाही म्हणता म्हणून सगळी वाडी नाही म्हणते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, हात धुतले. माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

"बुधवारी सुया आन," म्हणाल्या. "समदी पोरं मी सोता गोळा करते. पन तू वर यायचं न्हाई. दुसरी बाई धाड."

काल बुधवार होता. पासलीकडच्या सिस्टर राजनंदिनी माझ्याऐवजी वाडीत गेल्या. मी डबा ओढ्यापर्यंत वाहून नेला आणि तिथंच खडकावर बसले. वरून पोरांचं रडणं ऐकू येत होतं. मी एकेक मोजत होते. मध्येच फार वेळ काही ऐकू आलं नाही, तेव्हा मी उठून उभी राहिले. मग आणखी दोन रडली.

अकरा झाली, मामा.

मोहिनी